ऑइलपेंट दिलेला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. चंद्रपुरात टिनाच्या छपरांची एक वस्ती आहे, तिच्या तोंडाशी निंबाखाली मी उभा असतो.

इतवारी कुंभाराने मला घडवताना मातीत मुद्दाम बारीक रेती मिसळली. "रांजणाले घाम आला पाह्यजे, तवाच पाणी थंडं होते," असं तो म्हणायचा. त्या घामाचा मला फार अभिमान होता.

सायकली दुरुस्त करणाऱ्या अयूबभाऊंची बायको हाजराबाई पहाटे नळावर रांग लावून मला भरायची आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळायची. वस्तीत कूलर कुणाकडे नव्हता. मे महिन्यात पारा सत्तेचाळिसावर गेला की सगळ्यांना माझाच आधार. रिक्षा ओढणारा लटारू तर दोन गडवे प्यायचा, एक डोक्यावर ओतायचा आणि जाताना माझ्या पोटावर थाप मारायचा. त्या थापेसाठी मी सकाळपासून वाट पाहायचो.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात शहर सुंदर करायची टूम निघाली. नगरपालिकेची माणसं आली, मला निळा ऑइलपेंट फासला, वर पांढरे मोर काढले. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो. मोर झाकले जाऊ नयेत म्हणून हाजराबाईने गोणपाटही काढून ठेवलं. पण माझ्या अंगाची छिद्रं रंगाने बुजली होती. घाम येईना. दुपारी पाणी चहासारखं तापलं.

लटारूने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. "बाई, हे तं गरम हाय."

"थांबा भाऊ, घरून मटक्यातलं आणून देते."

"नाई, सवारी उभी हाय," म्हणत तो गेला. त्या दिवशी थाप नाही. चौकात तो ऊन लागून पडला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेला.

दुसऱ्या दिवशी हाजराबाई फुटकं कवेलू, म्हणजे मातीचं कौल, घेऊन मला खरवडत बसली. "मले समजाले पाह्यजे होतं," एवढंच पुटपुटत होती. अर्धे मोर निघाले, अर्धे राहिले. आता मला एकाच बाजूने घाम येतो.

मित्रांनो, आमच्या वस्तीचं भलं करायला जरूर या. मात्र ब्रश उचलण्याआधी पहाटे नळावर जा, हाजराबाईला विचारा.

लोक आताही पाणी पितात, पण थाप कुणी मारत नाही. कुणी तहानलेला आला की हाजराबाई आधी माझ्या खरवडलेल्या बाजूला तळहात लावून पाहते. हात ओला झाला, तरच गडवा भरते.