चिकटपट्टीखालची ओळ

कारकुनाला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गावाच्या इतिहासाचं खूळ काही डोक्यातून जाईना. कुठली विहीर कुणी खणली, कुणाचा पणजोबा कुठून आला, सगळं तोंडपाठ. लोक कौतुकानं कमी आणि चेष्टेनं जास्त त्याला 'पुराणवस्तू' म्हणत. स्वतःच्या घराण्याच्या सात पिढ्या त्यानं भिंतीएवढ्या कागदावर मांडल्या होत्या. बाप, मुलगा, नातू, पणतू, नुसते पुरुष! बायकांची नावं शोधायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती.

आजी तर वडिलांना जन्म देतानाच गेली. घरात तिला सगळे 'धाकटी' म्हणायचे, तेवढंच मागे उरलं. आता नव्वदीच्या वडिलांनी अंथरूण धरलं होतं आणि एकच धोशा लावला होता, "अरे, आईचं नाव तरी कळू दे मला. तिला हाक कशी मारू?"

ते नाव असलंच तर तो जिथून निवृत्त झाला त्या कचेरीतल्या मृत्यूंच्या जुन्या वहीत. नव्या कारकून बाईंनी वही काढून दिली. त्यानं पान उघडलं. फाटलेल्या ओळीत नावाच्या रकान्यावर आडवी चिकटपट्टी होती, तपकिरी पडलेली, कडक. बोट लागताच ती सुटून हातात आली. शाई गोंदाबरोबर निघून आली होती, खाली नुसता डाग. तारीख होती, वय होतं, नवऱ्याचं नाव तर ठसठशीत होतं. तिचं नाव मात्र पार गेलं होतं.

"कुणा शहाण्यानं केलं हो हे?" बाई वैतागल्या.

तो शहाणा तोच. तीस वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी येऊन त्यानं पान अन् पान जोडलं होतं, एकही ओळ न वाचता. काय छाती फुगली होती तेव्हा! आता स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

घरी पाय ठेवतो न ठेवतो तोच वडील म्हणाले, "सापडलं ना? सापडणारच. ती वही तू वाचवलीस, मी गावभर सांगत हिंडलो होतो."

त्यानं पाठ फिरवून पिशवी खुंटीला अडकवली. "आज कचेरी बंद होती, बाबा."

"मग उद्या जा. मी कुठे पळून जातोय?"

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन तो निघाला आणि कचेरीबाहेरच्या बाकावर बसून परत आला. "कपाटाची किल्ली हरवलीय." तिसऱ्या दिवशी, "बाई रजेवर आहेत." चौथ्या दिवशी वाटलं, द्यावं एखादं नाव ठोकून. पण मरणाऱ्या बापाच्या तोंडी परक्या बाईचं नाव घालायला जीभ रेटेना. पाचव्या दिवशी वडिलांनी विचारलं नाही.

त्या आठवड्यात तो पुन्हा कचेरीत गेला. बाईंनी मृत्यूच्या नोंदीचा कागद पुढे ओढला. असे कागद त्यानं जन्मभर भरले होते, पुढचा रकाना कोणता ते त्याला ठाऊक होतं.

"मयताच्या आईचं नाव?"

त्यानं कागद आपल्याकडे फिरवला, पेन उचललं आणि परत ठेवलं.

"सांगा ना," बाई म्हणाल्या, "तुम्हाला तर अख्ख्या गावाची माहिती."