अर्विडच्या खोलीची जमीन

मार्लिसच्या माहेरी कौतुक जपून वापरायचे. तिचे वडील अर्विड यांच्या तोंडून "वाईट नाही" निघालं की समजावं, स्वारी बेहद्द खूश आहे. "वेगळंच आहे" म्हणाले, की तो विषय कायमचा मिटला. अख्ख्या मिनेसोटाची हीच रीत.

एक्याऐंशी वर्षांचे अर्विड शेतावरचं घर सोडून लेकीकडे आठवडाभर 'राहून बघायला' कसेबसे तयार झाले. आवडलं तर कायमचे राहणार, नाही तर परत शेतावर, त्या उभ्या जिन्याच्या घरात, एकटे. मार्लिसने हौसेने त्यांच्या खोलीच्या लाकडी जमिनीला गडद अक्रोडी रंग दिला. चकचकीत! तिचा नवरा डेल म्हणाला, "हॉटेलच वाटतंय की गं."

उंबरठ्याशी थांबून अर्विड म्हणाले, "वा! फारच सुंदर!"

मार्लिसला शंका आली. एवढी स्तुती त्यांनी तिच्या आईचीसुद्धा कधी केली नव्हती.

तीन दिवस ते बैठकीतल्या खुर्चीतच झोपले. म्हणे पाठीला बरं पडतं. चौथ्या दिवशी सकाळी मार्लिसने पाहिलं, तर बाबा चौकट घट्ट धरून, मोज्यातला एक पाय पुढे करून जमीन चाचपत होते. नोव्हेंबरात तळ्यावरचा नवा, पातळ बर्फ चाचपतात तशी. साठ हिवाळे गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरलेला हा माणूस!

"बाबा, खरं सांगा. काय दिसतंय?"

"पाणी," ते म्हणाले. "जमीन आहे, कळतंय गं मला. पण डोळे आता पूर्वीचे नाहीत, आणि पाय काही ऐकत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढं हौसेने केलेलं. उगाच कशाला."

"हौस गेली खड्ड्यात!" मार्लिसला रागही आला आणि रडूही.

डेलने दोन दिवस खपून सगळा रंग घासून काढला. आता मार्लिसने बाबांना काही विचारलंच नाही. तीन रंगांच्या फळ्या दारात मांडल्या आणि नुसती त्यांच्या पायांकडे बघत राहिली. सायीच्या रंगाच्या फळीवर पाय अडखळला नाही.

रंग वाळल्यावर अर्विड सरळ आत चालत गेले, पलंगावर बसले, खिडकीबाहेर पाहिलं.

"वाईट नाही," ते म्हणाले. "डेलला सांग, शेतावरून माझे गळ आण म्हणावं. सगळे."