मैना शुद्धीवर हवी

तलावाकाठच्या त्या रायडिंग क्लबात मैनेएवढी देखणी घोडी दुसरी नव्हती, आणि तिच्याएवढी भित्रीही दुसरी नव्हती. रोजच्या सरावात ती दांड्यांवरून अशी जायची की खोगिरात बसलेल्याला उडी कधी झाली ते कळू नये. पण स्पर्धेचा दिवस आला, पताका फडफडायला लागल्या, लाउडस्पीकरवर कुणी नुसतं खाकरलं, की हीच मैना घामानं निथळायची, लगाम चावत एका जागी गरागरा फिरायची आणि पहिल्याच अडथळ्यासमोर चारी पाय रोवून उभी राहायची.

तिच्यावर बसायची अबोली. साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती. पहाटे टी. टी. नगरातून स्कूटर काढायची, तलावावर घोडी फिरवायची आणि तिथूनच ड्यूटीवर जायची. हॉस्पिटलातले लोक म्हणायचे, मॅडमच्या अंगाला लिदीचा वास येतो. अबोली म्हणायची, येणारच, घोड्याच्या अंगाला अत्तर लावत नाहीत.

मैना तिची नव्हती. ती कानडेकाकूंची, म्हणजे अरेरा कॉलनीतल्या इंदुमती कानडे यांची. यजमान गेल्यावर काकूंनी त्यांचा घोड्यांचा सगळा शौक एकेक करून आवरता घेतला होता. मैना तेवढी राहिली होती. आता तीही विकायची ठरली. जयपूरचं एक कुटुंब हिवाळ्यातल्या स्पर्धेला मैनेला बघायला येणार होतं. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी त्यांना शांत घोडी हवी होती.

"शांत?" अबोलीनं विचारलं. "सर, तुम्ही त्यांना सांगितलंत का, स्पर्धेत ती कशी करते ते?"

क्लबचे कोच सत्यजित सर मूळचे ग्वाल्हेरचे. आवाज भरदार, मिशी त्याहून भरदार. त्यांनी जॅकेटच्या खिशातून एक जाड पांढरी ट्यूब काढली.

"सांगायचं काय त्यात? स्पर्धेच्या सकाळी हे जिभेवर सोडायचं. घोडी एकदम गाय होते. जडीबुटी आहे गं, कुछ नहीं होता. सगळे देतात."

अबोलीनं ट्यूब उलटसुलट करून पाहिली. वर पळणाऱ्या घोड्याचं चित्र होतं, 'नैसर्गिक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आत काय आहे ते मात्र कुठेच नव्हतं.

"यात काय काय आहे?"

"वनस्पती."

"धोतराही वनस्पतीच असतो, सर. मॅग्नेशियम असेल, खुराकातलं काही असेल, तर माझी ना नाही. पण ज्यावर आतलं नावसुद्धा छापलेलं नाही ते मी हिच्या तोंडात जाऊ देणार नाही. आणि घोड्याला गुंगवून स्पर्धेत उतरवायला बंदी आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

सर हसले, पण डोळ्यांनी नाही. "दोन वर्षं तू हिला घेऊन हरते आहेस. आता जरा जिंकायला शीक."

तो शब्द अबोलीला लागला. कारण तो खरा होता.

घरी आईनं, सुचेताबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि पोळी लाटता लाटता सरांचीच बाजू घेतली.

"मी नाही का रात्री अर्धी गोळी घेत? झोप लागते, सकाळी माणसात येते. त्या मुक्या जिवाला भीतीनं घाम फुटतो म्हणतेस, मग थोडं बरं वाटलं तर तुझं काय गेलं?"

"आई, तू गोळी घेऊन झोपतेस. ती घेऊन कुणी तुला मीटरभर उंच भिंतीवरून उडी मारायला लावत नाही. तेही पाठीवर माणूस घेऊन."

सुचेताबाईंचं लाटणं थांबलं. "एवढं उंच असतं?"

"हो. आणि तुला डॉक्टरांनी विचारलं होतं. तिला कोण विचारणार?"

 गरम पोळी ताटात टाकताना आई म्हणाली, "सरांशी वैर घेऊन तुला त्या क्लबात राहता येणार नाही, एवढं लक्षात ठेव." तेही खरंच होतं.

स्पर्धेच्या दिवशी थंडी चांगली होती. तलावावरून वारा येत होता आणि मैदानाभोवतीच्या पताका चाबकासारख्या वाजत होत्या. अबोली तबेल्यात पोचली तेव्हा मैनेवर खोगीर चढलेलं होतं. "मीच तयार केली," सर म्हणाले. "तू उशीर करतेस."

अबोली वर बसली आणि सरावाच्या जागेकडे निघाली. पताकांच्या कमानीखालून जाताना तिनं सवयीनं मांड्या आवळल्या. मैना सरळ चालत राहिली. लाउडस्पीकर कडाडला. मैनेनं कानही हलवला नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, अबोलीचं काळीज सुपाएवढं झालं. शिकली माझी बाई, असं वाटून तिनं घोडीच्या मानेवर थाप मारली.

त्या थापेलाही काही उत्तर आलं नाही. एरवी अशी थाप बसली की मैना मान वळवून तिच्या बुटाला नाक लावायची. अबोली पुढे वाकली. घोडीचा खालचा ओठ लोंबत होता, पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. सरावासाठी ठेवलेली दांडी गुडघ्याएवढीही उंच नव्हती; मैनेचे पुढचे दोन्ही पाय तिला अडखळले, ती नाकावर जाता जाता सावरली, आणि सावरल्यावरही तशीच उभी राहिली, जणू कुणा दुसऱ्याच घोडीचा तोल गेला होता.

अबोलीला सरांच्या खिशातली ती पांढरी ट्यूब आठवली. 

लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारलं गेलं. मैदानाच्या फाटकाशी सत्यजित सर उभे होते. त्यांच्या मागे मांडवात कानडेकाकू बसल्या होत्या, शेजारी जयपूरचे पाहुणे, आणि कठड्याला रेलून त्यांची मुलगी, लांब वेणीची, मैनेकडे डोळे लावून.

अबोली फाटकापर्यंत गेली आणि खाली उतरली. तिनं रिकिबी वर सरकवल्या, खोगिराचा पोटाखालचा तंग सैल केला. हे बघितल्यावर घोड्यांतलं थोडं जरी कळणाऱ्याला समजतं, की हा स्वार आता मैदानात जाणार नाही.

"काय चाललंय?" सर दातांतल्या दातांत म्हणाले. "चढ वर!"

"काय दिलंत तिला?"

"अबोली, लोक बघतायत."

"बघू देत की. काय दिलंत?"

"मैनेची मालकी तुझी नाही. तुझं काम बसायचं. बस, नाहीतर आजपासून या क्लबाचं फाटक तुला बंद."

अबोलीनं लगाम हातात घेतला आणि त्यांच्या अंगावरून पंचांच्या टेबलाकडे चालू लागली. मैना पाय ओढत मागून आली. टेबलाशी स्पर्धेचे पशुवैद्य डॉक्टर मिलिंद बसले होते. मांडवापर्यंत ऐकू जावं म्हणून अबोली मुद्दाम मोठ्यानं बोलली.

"डॉक्टर, माझ्या घोडीला गुंगीचं काहीतरी दिलेलं आहे. मी दिलेलं नाही. तिच्या रक्ताचा नमुना घ्या."

मांडवातली कुजबुज थांबली. डॉक्टर मिलिंद उठले, त्यांनी मैनेची पापणी वर करून पाहिली, छातीला नळी लावली. मग अबोलीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला नियम ठाऊक आहे ना? नमुन्यात काही निघालं तर कुणी दिलं हे नंतर. घोडीची जबाबदारी स्वाराची. बंदी तुमच्यावर येईल. तुम्ही नुसतं नाव मागे घेऊन घरी जाऊ शकता. मी काही पाहिलं नाही."

"आणि ती विकली जाईल," अबोली म्हणाली. तिनं कठड्याकडे बोट दाखवलं. "ती मुलगी हिला शांत समजून घरी नेईल. औषध उतरल्यावर, पहिल्या स्पर्धेत, काय होईल? नमुना घ्या. बंदी येऊ दे."

तोवर मुलगीच जवळ आली होती. "दीदी, इसको क्या हुआ?"

"इसको दवा पिलाई है," अबोली म्हणाली. "ये शांत नहीं है. डरपोक है, बहुत अच्छी है, पर शांत बिलकुल नहीं है. पापा को बता दो."

सत्यजित सर काहीबाही ओरडत होते. पंच त्यांना मागे सारत होते. डॉक्टरांनी सुई टोचली, तेव्हाही मैना जागची हलली नाही, आणि त्या न हलण्यानंच अबोलीला रडू फुटलं. पण लगाम तिनं सोडला नाही.

नमुन्यात गुंगीचं औषध निघालं. सत्यजित सरांनी चौकशीत सांगितलं की ट्यूब अबोलीनंच आणली असणार. साक्षीदार नव्हता. अबोलीवर सहा महिन्यांची बंदी आली, सरांना समज देण्यात आली, आणि क्लबनं शिस्तभंगाचं कारण देऊन अबोलीचं सभासदत्व काढून घेतलं. हॉस्पिटलातली एक नर्स म्हणाली, "मॅडम, चुप रहतीं तो अच्छा था." अबोली म्हणाली, "मला झोप लागली नसती." मग आईच्या अर्ध्या गोळीची आठवण होऊन तिला स्वतःशीच हसू आलं.

त्याच आठवड्यात ती कानडेकाकूंकडे गेली. माफी मागायला नाही. तसं तिनं दारातच सांगून टाकलं.

"मग कशाला आलीस?" काकूंनी विचारलं. त्यांनी तिला बसही म्हटलं नाही.

"मैनेला त्या तबेल्यातून हलवा, एवढं सांगायला. तिथं राहिली तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी पुन्हा हेच होईल."

"चारचौघांत माझी शोभा केलीस तू. जयपूरवाले माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच विष कालवलं." काकूंनी शेवटी खुर्चीकडे बोट दाखवलं. "सत्यजितनं मला सांगितलं होतं, खुराकातलं टॉनिक आहे म्हणून. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण तुला मी चांगली म्हणणार नाही हं. तुझी जीभ फार तिखट आहे."

"चालेल."

"घोडी विकायची तर मला आहेच. पण जशी आहे तशी सांगून विकीन. रातीबडला आमचा मळा आहे, तिथं छप्पर घालून देते. दाणापाणी माझं. मेहनत तुझी."

बंदीचे महिने अबोलीनं वाया घालवले नाहीत. जवाहर चौकातून तिनं जुन्या चादरी, पताका आणि एक भाड्याचा भोंगा आणला. मळ्यात चादरी वाळत घातल्यासारख्या टांगल्या, आधी लांब, मग जवळ. भोंग्यावर स्वतःच घोषणा द्यायची, आणि मैना उधळली नाही की गाजर. उधळली तरी रागवायचं नाही, पुन्हा लांबून सुरुवात. जवळच्या मंगल कार्यालयात लग्नं लागली की ती मैनेला कुंपणापर्यंत नेऊन बँड ऐकवायची. वऱ्हाडी तिच्याकडे बघून हात हलवायचे. मैना थरथरायची, फुरफुरायची, पण हळूहळू पळायची थांबली.

बंदी संपल्यावर पहिली स्पर्धा इंदूरला होती. मैना तिथं घाबरलीच. घामेजली, खिंकाळली, पहिल्या अडथळ्यासमोर थांबली. अबोलीनं तिला वळवून श्वास घेऊ दिला, मानेवर हात ठेवला आणि पुन्हा आणली. मैनेनं उडी मारली. पुढे एक दांडी पडली, एका ठिकाणी ती वाकडी गेली, पण एकही अडथळा सुटला नाही. निकालात त्यांचं नाव खालून दुसरं होतं.

फाटकाशी सत्यजित सर उभे होते; आता ते दुसऱ्या क्लबचे कोच होते, तिथली पोरं बरोबर होती. "बघितलंस? थोडं दिलं असतंस तर आज बक्षिसाची फीत असती."

"असती," अबोली म्हणाली. "तुमची."

सर काही बोलणार तोच मागे पताका फडाडली. मैना दचकून बाजूला उडाली आणि सरांना दोन पावलं मागे हटावं लागलं. घोडीचे कान ताठ होते, नाकपुड्या फुललेल्या, डोळे सताड उघडे. अबोलीनं लगाम सैल सोडला.

"चल बाई," ती म्हणाली, आणि दुपारच्या फेरीसाठी नाव द्यायला टेबलाकडे निघाली.