भागुबाईंचं शेवटचं सांगणं

भागुबाई गेल्या तेव्हा सायमनला आधी वाटलं, आई चेष्टाच करते आहे.

तसं वाटायला कारण होतं. मागच्या पावसाळ्यात, त्र्याऐंशी साली, त्यांना न्यूमोनिया झाला होता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. धोंडीराम मास्तर उशाशी बसून मरणाऱ्या माणसासाठीच्या प्रार्थना वाचत होते. घरातली सगळी गुडघ्यांवर. मास्तरांनी पुस्तक मिटलं, भागुबाईंच्या कपाळावर क्रूस केला, आणि भागुबाईंनी एक डोळा उघडला.

"मास्तर, मधलं एक पान गाळलंत. कुठं जायची घाई हाय?"

मग त्या उठून बसल्या, पेज प्यायल्या, आणि पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट येईल त्याला सांगत राहिल्या.

म्हणून फेब्रुवारीतल्या त्या सकाळी सायमन चहाचा कप घेऊन खाटेजवळ गेला, हाक मारली, उत्तर आलं नाही, तरी तो तसाच उभा राहिला. ओठ आता हलतील, मग हलतील, अशी वाट बघत. चहावर साय धरली. मागून त्याची बायको विमल आली. तिनं सासूच्या पायांना हात लावला आणि पदर तोंडाशी नेला.

"अहो, तो कप खाली ठेवा," ती म्हणाली. तेव्हा कुठे त्याला कळलं.

चर्चच्या मागे मिशनच्या खोल्यांची एक रांग होती. भागुबाई लग्न होऊन तिथे आल्या आणि तिथूनच गेल्या. नवरा लुकस मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाकी होता. तो लवकर वारला. सायमन तेव्हा शाळेत होता. भागुबाईंनी नवऱ्याच्या हातचा डाव आपल्या हाती घेतला आणि बोर्डिंगातल्या पोरांना भाकऱ्या थापून घालू लागल्या. आमटी पातळ आहे म्हणून पोरांनी कुरकुर केली की म्हणायच्या, "पातळ नाय रे, पवित्र हाय. निम्मं यार्देन नदीचं पाणी हाय त्यात." पोरं हसायची आणि दुसरी वाटी मागायची.

घरात संत अंतोनीचा छोटा पुतळा होता. काही हरवलं की त्याला नवस बोलायची रीत सगळीकडे आहे. भागुबाई नवस बोलत नसत. त्या पुतळ्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवत. "सापडेपर्यंत बस असाच." एकदा चष्मा हरवला. अंतोनी दोन दिवस भिंतीकडे बघत बसला. नंतर चष्मा त्यांच्याच पिठाच्या डब्यात निघाला, तेव्हा त्यांनी पुतळा वळवला, त्याच्यापुढे चिमूटभर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "चुकलं बाबा. वर जाऊन सांगू नको."

सायमन याच्या अगदी उलटा. शाळेत क्लार्क होता, पंचेचाळिशी उलटली होती, पण दारात कुणी परका आला तर अजूनही पुस्तकात तोंड घालून बसायचा. आईच्या बोलण्यावर सगळी चाळ हसायची, तोही हसायचा, पण एक क्षण उशिरा. कुठलं बोलणं खरं आणि कुठलं चेष्टेचं, हे त्याला आधी इतरांच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागे. आणि तीच अडचण आता त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

कारण शेवटच्या महिन्यात भागुबाईंनी खूप काही सांगून ठेवलं होतं. फादरना सांगा, प्रवचन थोडक्यात आवरा, मला पुढं लांब जायचंय. शेजारच्या सुलीला माझ्या उशाशी बसवू नका, तिच्या तपकिरीनं मला शिंक आली तर लोक पळत सुटतील. बँड लावा, पण लग्नातला लावा, माझ्या लग्नात वाजलाच नव्हता. आणि माहेरचं लुगडं आल्याबिगर पेटीचं झाकण लावू नका.

या प्रत्येक वाक्यावर घरात हशा पिकला होता.

धोंडीराम मास्तर सकाळीच आले. ते मिशनचे जुने कॅटेकिस्ट, धर्मशिक्षण देणारे. चाळीतली सगळी मोठी माणसं लहानपणी त्यांच्यापुढे मांडी घालून प्रश्नोत्तरं पाठ करत बसलेली. कुणाच्याही घरी मयत झाली की पुढचं सगळं तेच ठरवत. सुताराला शवपेटी सांगून झाली, कबर खणायला माणसं गेली. "चार वाजता चर्चमध्ये मिस्सा, मग माती," ते म्हणाले. "फादरना उद्या पहाटे बाहेरगावी जायचंय. उशीर नको."

विमलनं आणि तिच्या मुलीनं, मोनिकानं, भागुबाईंना पांढरं पातळ नेसवलं, हातात जपमाळ गुंडाळली. शेजारच्या सुलाबाई फुलं घेऊन आल्या. सुलाबाईंचा मळा मखमलाबादेकडे. दर रविवारी चर्चसाठी शेवंती त्याच द्यायच्या आणि बदल्यात भागुबाईंकडून आपल्या म्हशीसाठी प्रार्थना करून घ्यायच्या. त्या उशाशी बसायला गेल्या, अर्ध्यात थांबल्या, आणि पायाशी जाऊन बसल्या. "तिनं मला उशाशी नको म्हटलं होतं ना," असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसताच हमसून रडायला लागल्या.

सायमन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सुलाबाईंनी चेष्टेतलं सांगणंसुद्धा पाळलं होतं. मग आपण काय करायचं? बँड? छे. पण लुगडं?

आई चेष्टा करायची तेव्हा काय करायची, ते त्याला आठवलं. बोलून झालं की ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची, समोरचा हसला का. नेहमी. सायमनला हे पक्कं ठाऊक होतं, कारण उशिरा हसणारा तोच असायचा आणि तिची नजर येऊन त्याच्यावर थांबायची. प्रवचनाचं बोलली तेव्हा तिनं बघितलं. शिंकेचं बोलली तेव्हाही. बँडच्या वेळी तर तिनं त्याला कोपरानं ढोसलं होतं. पण लुगड्याचं बोलून झाल्यावर तिनं कुणाकडेच बघितलं नाही. पांघरुणाचा काठ बोटांत धरून ती त्या काठाकडेच बघत राहिली होती. घरातली सगळी हसली, आणि ती हसली नव्हती.

सायमन चौकट सोडून मास्तरांसमोर गेला.

"मास्तर," तो म्हणाला, "भिमाजीमामांना कळवायला पाहिजे."

भिमाजी म्हणजे भागुबाईंचा धाकटा भाऊ. दिंडोरीच्या पुढे एका खेड्यात राहायचा. भागुबाई ख्रिस्ती होऊन मिशनात गेल्या. पुढे छप्पन्न साली माहेरची सगळी बौद्ध झाली. जाणं-येणं जवळजवळ नव्हतंच. सायमननं मामाला उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं.

"कळव की. कोण नको म्हणतंय?" मास्तर म्हणाले.

"आई म्हणाली होती, माहेरचं लुगडं आल्याशिवाय..."

"सायमन!" मास्तरांनी चष्मा वर केला. "बाप्तिस्म्याचं पांढरं वस्त्र अंगावर आहे तिच्या. ख्रिस्ती बाईला आणखी कसलं लुगडं लागतं? आणि भागुबाईचं बोलणं तू मनावर घेतोस? मला काय म्हणाली होती ते विसरलास? पान गाळलंत म्हणे!"

जमलेली माणसं हसली. सायमनही हसला, सवयीनं, एक क्षण उशिरा. मग तो बाहेर गेला आणि सुलाबाईंचा दीर झुंबर टेंपोजवळ उभा होता त्याला म्हणाला, "मामांना आणायला दिंडोरीला जाशील का रे? आत्ता?"

 झुंबरनं विडी टाकली आणि टेंपो चालू केला.

दुपार कशी गेली ते सायमनला कळलं नाही. माणसं येत राहिली. बोर्डिंगात वाढलेले, आता पोटं सुटलेले बाप्ये येऊन पेटीजवळ उभे राहत, आमटीची गोष्ट सांगत, हसत, आणि मग रुमाल शोधत. कुणी म्हणे, मला ती 'पाद्रीबुवा' म्हणायची. कुणी म्हणे, माझ्या लग्नात तिनं नवरीच्या कानात असं काही सांगितलं की नवरी वचनं देताना खुदकन हसली. मोनिका कोपऱ्यात बसून आजीच्या लाकडी फणीतले पांढरे केस एकेक करून सोडवत होती. रोज वेणी तीच घालायची. वेणी घालून झाली की आजी विचारायची, "कशी दिसते? पळवून न्यावं असं वाटतंय का कुणाला?"

चार वाजले. झुंबर आला नव्हता. फादर पांढरा झगा घालून दारात आले. सुतारानं झाकणाचे खिळे हाताशी काढून ठेवले होते.

"चला," धोंडीराम मास्तर म्हणाले. "झाकण आणा."

सायमन पुढे झाला.  सगळी चाळ त्याच्याकडे बघत होती.

"फादर, थोडं थांबायचं," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला की त्यालाच ऐकू आला नाही. म्हणून तो पुन्हा म्हणाला, "झाकण लावायचं नाही. तिचं माहेर यायचंय."

"अरे, अंधार पडेल," मास्तर म्हणाले. "आणि चेष्टेत बोललेलं—"

"ते चेष्टेत नव्हतं, मास्तर."

"तुला कसं ठाऊक?"

सायमनला ते सांगता येईना. नजरेचं, पांघरुणाच्या काठाचं, एवढ्या माणसांत कसं सांगायचं? तो नुसता पेटीच्या काठावर हात ठेवून उभा राहिला.

फादर मंगळूरकडचे. त्यांनी एकदा भागुबाईंकडे बघितलं, एकदा सायमनकडे. "मला इथल्या रीती ठाऊक नाहीत," ते म्हणाले. "पण आई तुमची आहे. आपण जपमाळ म्हणूया. सूर्य आहे तोवर थांबू." आणि ते सतरंजीवर गुडघे टेकून बसले. 'नमो मरिया' सुरू झालं.

जपमाळ संपून लितनीची आळवणी चालू असताना टेंपोचा आवाज आला. मागे द्राक्षांच्या रिकाम्या पेट्यांमध्ये भिमाजीमामा आणि त्यांची बायको नवसाबाई बसली होती. मामा उतरले. उंच, वाळलेले, हातांवर औषधफवारणीचे निळे डाग. दारात येताच त्यांनी डोक्याची टोपी काढली आणि पेटीपाशी जाऊन थांबले. 

"लय लहान झाली," ते म्हणाले. मग सायमनकडे वळून, "भाचेबुवा, लोकाच्या बागेत तोडणीला गेलो हुतो. ह्या टेंपोवाल्यांनी शोधत शोधत गाठलं. मंग दिंडोरीत दुकानावर थांबलो. म्हणून उशीर."

नवसाबाईंनी कागदातलं लुगडं काढलं. हिरवंगार, लाल काठाचं, नऊवारी.

बायकांत कुजबुज झाली. सुलाबाई स्वतः विधवा. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, हिरवं? तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली..."

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "पर हे आताचं नाय. हे लग्नातलं हाय. ती मिशनात लग्न करती म्हणल्यावर बाबानं सांगितलं, हिला घरचा दोराबी द्यायचा नाय. आयनं तर लुगडं आणून ठिवलं हुतं. हिरवंच. मी तवा एवढासा. आय ट्रंक उघडायची, बघायची आन् परत झाकायची. मागनं ते आमच्या धाकलीच्या लग्नात गेलं." त्यांनी नाक पुसलं. "म्हणून तसलंच बघून आणलं."

 धोंडीराम मास्तर खिडकीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले.

सुलाबाईच पहिल्यांदा उठल्या. लुगड्याचं एक टोक त्यांनी धरलं, एक नवसाबाईंनी. पुरुष बाहेर गेले. विमलनं दार लोटून घेतलं. परत दार उघडलं तेव्हा भागुबाई पांढऱ्या पातळावर हिरवं पांघरून निजल्या होत्या आणि जपमाळ लाल काठावर आली होती. झाकण नीट बसेना. नऊवार कापड, कितीही दाबलं तरी एका बाजूला फुगत होतं. सुतारानं सायमनकडे बघितलं. सायमननं स्वतः खाली वाकून, आईच्या खांद्याखाली घडी सारली. तिचा खांदा हाताला इतका गार लागला, की सकाळपासून पहिल्यांदाच त्याला रडू फुटलं, लहान मुलासारखं, सगळ्यांच्या देखत.

मिस्सा होऊन मातीला जाऊन येईपर्यंत उजेड उतरला होता. घरी मामांनी चहा घेतला नाही, पाणी तेवढं घेतलं. "शेवटची गाडी गाठतो," म्हणाले. सायमन त्यांना आणि मामीला सोडायला स्टँडवर गेला.

गाडी लागेपर्यंत बाकावर बसले. मामी पिशवी मांडीवर घेऊन डुलकी काढत होती.

"दरसाली निरोप धाडायची," मामा म्हणाले. "बाबा गेल्यावर. द्राक्षं आली की येते, म्हणायची. आम्ही आपली घोंगडी झटकून ठिवायची."

 दर वर्षी तोडणीच्या दिवसांत, बाजारात द्राक्षांचे ढीग लागले, की आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "चला रे, माझ्या माहेरी, बागेत बसून द्राक्षं खाऊ." भावाची बाग कुठली, भाऊ दुसऱ्याच्या बागेत मजूर, म्हणून सगळी हसायची. तेव्हा तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं होतं का? त्याला आठवेना. त्यानं कितीही ताण दिला तरी आठवेना. आणि अशी किती बोलणी असतील, पंचेचाळीस वर्षांतली, की ज्यांवर तो नुसता हसला होता.

"मामा, सातव्या दिवसाची मिस्सा झाली की मी येतो," तो म्हणाला. "विमलला, मोनिकाला घेऊन येतो."

"तीबी असंच म्हणायची," मामा म्हणाले.

ते टोमणा मारत होते, की नुसतं सांगत होते, ते सायमनला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. गाडी लागली. त्यानं मामीची पिशवी वर दिली, आणि गाडीच्या खिडकीशी येऊन विचारलं,

"इथून सकाळची पहिली गाडी किती वाजता असते?"