तेविसानं भाग जातो

माह्या पोरीनं भागाकार केला, एवढाच तिचा गुन्हा. पण लोक असे पाहून राहिले होते, जसी काही तिनं विहाराची दानपेटीच फोडली!

आमच्या रुआबांधा वस्तीत जयंतीची तयारी चालू होती. कमलेशभाऊ, माहे चुलत दीर, समितीचे अध्यक्ष. बाबासाहेबांची जन्मतारीख जोडून त्यायनं संख्या केली, १४०४१८९१, आन् स्टेजमागच्या बॅनरवर हातभर आकड्यात छापली. खाली लिवलं, ‘ही अविभाज्य संख्या! हिले कोणीच भागू शकत नाही!’ कोण्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं होतं म्हणे. आमच्या इथं गाडीले १४०४ नंबर भेटावा म्हणून लोक आरटीओत चकरा मारतात. मंग एवढं मोठं कौतुक कोण तपासून पायते? सगळ्यायची छाती फुगली.

माही उन्नती नववीत, हिंदी शाळेत. यंदा पहिल्यांदा स्टेजवर बोलणार होती, महिनाभर आरशापुढं उभी राहून भाषण घोकून राहिली होती. तिनं बॅनर पाहिला आन् तिथंच फरशीवर खडूनं भाग देत बसली. तिनानं नाही, सातानं नाही, अकरानं नाही. करता करता उठली.

“काका, ये अभाज्य नहीं है. तेविसानं भाग जातो. बाकी शून्य.”

कमलेशभाऊनं मोबाईलवर करून पाहिलं. बरोबर निघालं. मंग बॅनर बदलायचा का नाही? नाही! पोरीवरच डाफरले, “बाबासाहेबाले भाग देतं? लय शहाणी झाली काय? हिचं भाषण कॅन्सल!”

पोरगी रडत घरी आली. माह्या अंगाची लाही लाही झाली. अरे, पोरगी शहाणी झाली म्हणून शिक्षा, आन् थे बी जयंतीले! मी तरातरा विहारात गेली.

“भाऊ, तिनं बाबासाहेबाले नाही, तुमच्या बॅनरले भाग दिला.”

“वैनी, लोकायच्या भावना असतात.”

“आन् माह्या पोरीले नसतात?”

भाऊ बॅनरची दोरी आवळत राहिले. नाव काही परत घातलं नाही. माह्या सासूबाई गिरजाबाई मलेच म्हणाल्या, “घरातली गोष्ट हाय, गप राय.” तव्हा मले त्यायचाही राग आला.

जयंतीले पहिला हार वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं घालायचा, हा आमचा रिवाज. म्हणजे सासूबाईनंच. हार घेऊन त्या फोटोपाशी गेल्या, थांबल्या, आन् वळल्या.

“कमलेश, पोरीचा भागाकार चुकला का रे?”

माईक चालूच होता. “नाही काकू, बरोबर हाय, पण…”

“मंग पण कायचा? मले अंगठा सोडून सही करायले ज्यानं लावलं, त्याच्यापुढं बरोबर बोलणाऱ्या पोरीले गप बसवतं? आधी थे बोलन. मंग हार.”

उन्नती स्टेजवर गेली. म्हातारीचे हात भरून आले होते. पण पोरीनं भाषण संपवून ‘जय भीम’ म्हणेपर्यंत तिनं हार ना घातला, ना खाली ठेवला.