नेव्हिल काय म्हणाला

लॉर्ना पिकरिंगने पाण्याचा पेला खाली ठेवला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि समोर नुसतं पाहिलं. तेवढ्यानेच सभागृहात हशा पिकला. आता कुठली कविता येणार हे हेक्सम गावच्या त्या नगरभवनात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बायका शेजारणीला कोपराने ढोसत होत्या. मागच्या रांगेतल्या एका म्हातारबुवांनी तर आधीच ओठ हलवायला सुरुवात केली होती.

"मी विचारलं, नेव्हिल, प्रेम अजून आहे ना?" लॉर्ना म्हणाली, आणि थांबली.

"तो म्हणाला, हिरवा डबा बाहेर ठेवला आहे ना?" सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या चालू असताना दुखरा उजवा गुडघा हळूच सरळ करून घ्यायचा, ही युक्ती लॉर्नाला आता जमून गेली होती. वीसेक वर्षं ती हीच कविता म्हणत होती. कचऱ्याच्या डब्याची ती ओळ चहाच्या मगांवर आली, भांडी पुसायच्या फडक्यांवर आली, एका जोडप्याने ती लग्नाच्या केकवरही लिहून घेतली. नाताळ जवळ आला की लॉर्नाची सडपातळ पुस्तकं दुकानांच्या गल्ल्याशेजारी चॉकलेटांच्या बाजूला मांडली जात. एका समीक्षकाने तिला 'बिस्किटाबरोबर खायची कवयित्री' म्हटलं, तेव्हा तिने ते वाक्य पुढच्या पुस्तकाच्या पाठीवर छापून घेतलं. ते पुस्तक सगळ्यांत जास्त खपलं. त्या काळी असल्या गोष्टींची तिला मजा वाटायची.

टाळ्या ओसरू लागल्या आणि तिची नजर सवयीने दाराकडे गेली. तिथल्या कडेच्या खुर्चीवर निळं रेनकोटाचं जाकीट घातलेला, चेन हनुवटीपर्यंत ओढलेला एक माणूस बसला होता. तो नेव्हिल होता.

नेव्हिल गेल्या वर्षीच्या वसंतात घर सोडून गेला होता. भांडण झालं नव्हतं, दुसरी बाईही नव्हती. लॉर्ना कार्यक्रमांसाठी स्कॉटलंडला गेली असताना त्याने दोन बॅगा भरल्या, तिच्यासाठी पातेलंभर सूप करून ठेवलं आणि कॉर्ब्रिजला एका चपलांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. फोनवर एवढंच म्हणाला, "मला जरा शांत राहायचंय, लॉर." तिने ही गोष्ट बहिणीखेरीज कुणाला सांगितली नाही. नवरा सोडून गेला हे सांगायची तिला लाज नव्हती. पण मग कार्यक्रमात काय म्हणायचं, हे तिला सुचलं नव्हतं. कवितांमध्ये नेव्हिल घरीच राहिला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. लाल मफलरवाली एक बाई उठली. "अहो, नेव्हिल आज आलाय का?"

हा प्रश्न प्रत्येक गावात यायचा आणि त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. लॉर्नाने दाराकडे पाहिलं. नेव्हिलचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, कारण फोटो छापायचा नाही एवढी एकच अट त्याने आयुष्यात घातली होती. त्याने नुसता हात वर केला असता तर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. तो बुटांकडे बघत होता.

"नाही हो. तो घरी आहे," लॉर्नाच्या तोंडून आपसूक निघालं. "फ्रीजरमधला बर्फ वितळतोय. कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?"

सभागृह खळखळून हसलं. नेव्हिलही हसला, पण जरा उशिराने. चर्चमध्ये बाकीचे उठलेले बघून एखादा नवखा उठतो, तसा.

पुस्तकांवर सह्या घ्यायला रांग लागली. "माझा नवरा म्हणजे हुबेहूब तुमचा नेव्हिल!" असं प्रत्येक तिसरी बाई म्हणत होती आणि लॉर्ना प्रत्येकीला "मग तुम्हाला माझी सहानुभूती आहे" असं उत्तर देत होती. तिचं मनगट दुखू लागलं. खुर्च्या उचलायला माणसं आली. शेवटचं पुस्तक तिच्यासमोर सरकलं, तेव्हा ते धरणारा अंगठा तिने आधी ओळखला. गाडीच्या दारात सापडून चपटं झालेलं त्याचं ते नख.

"कुणाच्या नावाने लिहू?" तिने मान वर न करता विचारलं.

"नेव्हिल. शेवटी एक 'ई' येतो. लोक विसरतात."

"विकत घेतलंस?"

"फुकट मागायचं तर ओळख द्यावी लागली असती." तो थोडा घुटमळला. "चहा घेऊ या? तुझी गाडी चुकणार नसेल तर."

चौकातल्या उपाहारगृहात गर्दी नव्हती. ॲप्रन बांधलेली ठेंगणी बाई टेबल पुसत पुसतच म्हणाली, "काय आणू, सोन्या?" नेव्हिलने चहाची किटली आणि चीज घातलेला एक स्कोन-पाव मागवला. आला तसा त्याने तो मधोमध कापला आणि लोणी आधी लॉर्नाकडे सरकवलं. तो बारीक झाला होता. जाकिटाची कॉलर मानेभोवती सैल दिसत होती.

"हात का नाही वर केलास?" लॉर्नाने विचारलं.

"लोकांनी मला पाहिलं असतं ना मग. त्यांच्या डोक्यातला मी जास्त बरा आहे."

"बरा आहेस ना तू?"

"नाही," नेव्हिल म्हणाला.

लॉर्ना थांबली. तिच्या कवितांत नेव्हिलच्या 'नाही'नंतर नेहमी काहीतरी यायचं, आणि त्याच्यावरच लोक हसायचे. आत्ता काहीच आलं नाही. त्याने दोन्ही कपांत चहा ओतला, तिच्या कपात दूध जरा जास्त.

"आतड्यात गाठ आहे. मंगळवारी कापतायत. कितपत पसरलीय ते उघडल्यावर कळेल म्हणाले."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला का नाही सांगितलंस?"

"आता सांगतोय की." त्याने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "डॉक्टर तसा चांगला पोरगा होता. नाव वाचलं आणि म्हणतो, पिकरिंग? म्हणजे ते कवितेतले नेव्हिल पिकरिंग? त्याच्या आईकडे त्या ओळीचं फडकं आहे म्हणे. म्हटलं, हो बाबा, तोच मी. एवढा खूश झाला! आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ह्या माणसाला आपल्याला काय सांगायचंय. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. बोलेचना. शेवटी मीच म्हटलं, डॉक्टर, आटपा लवकर, डबा बाहेर ठेवायचाय."

लॉर्नाला हसू फुटलं. आवरता आवरता फुटलं, आणि तिने घाईघाईने तोंडावर हात ठेवला.

"बघ," नेव्हिल म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "तूसुद्धा."

"माफ कर मला."

"अगं, चालायचंच. चांगलं वाक्य आहे ते. मी एकटा असतो तरी तेच म्हणालो असतो बहुतेक. दुसरं काही येतच नाही आता तोंडात. औषधांच्या दुकानात गेलो तर मी बोलायच्या आधीच ती मुलगी हसते." तो खिडकीकडे वळला. बाहेर दिवे लागले होते आणि मठाच्या चर्चपुढून एक माणूस कुत्र्याला ओढत नेत होता. "एक विचारायला आलो होतो. त्या दिवशी तू मला खरंच विचारलं होतंस. स्वयंपाकघरात. आठवतं?"

"आठवतं ना. तू भांडी पुसत होतास."

"मी डब्याचं बोललो नव्हतो."

"नव्हतास. ते मी नंतर घातलं."

"मग काय बोललो होतो?"

लॉर्नाने कपाचा कान स्वतःकडे वळवला.

"मी बोललो होतो काहीतरी, लॉर. चांगला बराच वेळ बोललो होतो. फडकं हातात तसंच राहिलं होतं आणि तू खुर्ची ओढून बसली होतीस. मी काय एवढं बोलणारा माणूस नव्हे, म्हणून लक्षात राहिलंय. पण काय बोललो ते आठवायला गेलो की डबाच पुढे येतो. इस्पितळातून आल्यापासून मी तेच करतोय. म्हटलं, हिला माहीत असेल. तिथे आपण दोघंच होतो."

लॉर्नाने डोळे मिटले. स्वयंपाकघर लख्ख दिसलं. वाफेने धुरकटलेली खिडकी, नेव्हिलच्या कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, बशांची चळत. त्याचे ओठ हलताना दिसत होते. त्याला मध्येच ठसका लागला होता, हेही आठवलं. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली आणि त्या ओठांतून सभागृहाचा आवाज आला. गावोगावचा, वीस वर्षांचा आवाज.

ती लहानसहान कवयित्री नव्हती. माणसांच्या तोंडी वाक्यं घालण्यावर तिचं आयुष्य गेलं होतं. त्या अर्ध्या मिनिटातही चार-पाच वाक्यं तिच्याजवळ येऊन उभी राहिली. साधी, थोडी अडखळणारी, तंतोतंत नेव्हिलची. शेवटचं वाक्य तर असं होतं की ते ऐकून त्याने मान खाली घातली असती. त्याने विश्वास ठेवला असता. मंगळवारी ते मनात घेऊन तो आत गेला असता. स्टेशनावरच्या पाटीकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत होता.

तिने चमचा उचलून बशीत आडवा ठेवला.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

नेव्हिलने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला. "मला वाटलं होतं तू काहीतरी रचून सांगशील."

"आलं होतं ओठांवर."

"चांगलं होतं?"

"फार."

"मग राहू दे," तो म्हणाला, आणि संध्याकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसला. मग त्याला नाक पुसावं लागलं.

ठेंगणी बाई येऊन किटलीत गरम पाणी घालून गेली.

"मंगळवारी बरोबर कोण आहे?" लॉर्नाने विचारलं.

"टॅक्सी सांगितलीय."

"टॅक्सी आत येऊन बसणार आहे का?"

"कार्लाइलला कार्यक्रम आहे तुझा. दारातल्या पत्रकावर वाचलं मी. तिकिटं संपलीत."

लॉर्नाने पर्स उघडून फोन काढला आणि चष्मा चढवला. कार्लाइलचे कार्यक्रम फियोना बघायची. मोठ्या आवाजाची, उत्साही बाई. तिने फोन लगेच उचलला.

"फियोना, मंगळवारी मला जमायचं नाही. नेव्हिल आजारी आहे."

पलीकडून हास्याचा असा गडगडाट झाला की तो टेबलापलीकडेही ऐकू गेला. "अगं बाई! आता काय झालं त्याला? सर्दी झाली असेल आणि मृत्युपत्र करायला बसला असेल!"

नेव्हिल स्कोनचे कण बोटाने गोळा करत होता. लॉर्ना हसू संपायची वाट बघत राहिली. ते संपायला वेळ लागला.

"नाही, फियोना," ती म्हणाली. "खरंच आजारी आहे."

फियोना पुढच्या ओळीची वाट बघतेय, हे लॉर्नाला कळलं. पुढे ओळ नव्हती. "लोकांना सांग," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

स्टेशन डावीकडे होतं. चौकात आल्यावर नेव्हिल तिला निरोप द्यायला थांबला, पण ती बसच्या थांब्याकडे वळून चालू लागली होती. त्याने काही विचारलं नाही. तिच्या गुडघ्याच्या चालीने तो सावकाश बरोबर चालला. कॉर्ब्रिजची बस आली. नेव्हिलने तिला खिडकीची जागा दिली आणि तिची पुस्तकांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

पूल ओलांडल्यावर तो बोलायला लागला. विचारल्यावाचूनच. खोलीतला हीटर रात्री खोकल्यासारखा आवाज करतो, खालचा दुकानदार बंद करताना शीळ घालतो, ती ऐकली की बरं वाटतं. सुरीची त्याला भीती वाटत नव्हती, भूल देताना तोंडावर ठेवतात त्या मुखवट्याची वाटत होती. सात-आठ वर्षांचा असताना दातवाल्याने तसला मुखवटा दाबून धरला होता आणि आई बाहेर बसली होती. आईने हाका ऐकल्या होत्या की नव्हत्या, हे त्याने तिला कधी विचारलं नाही. बोलणं सलग नव्हतं. मध्येच अडायचा, मागे जायचा, भलतंच काही आठवून पुढे निघायचा.

लॉर्ना ऐकत होती. काचेवर ओलसर काळोख धावत होता. एकदा तो अशा काही शब्दांत बोलून गेला की तिच्या आत सवयीने काहीतरी ताठ झालं आणि यमक हुंगू लागलं. ओळ चांगली होती. तिने ती जाऊ दिली.

"मग?" ती म्हणाली.