काळतोंडीने उगवलेला सूड

मित्रांनो, गोडीगुलाबीची गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. मी चौथीच्या वर्गातली जुनी लोखंडी शेगडी आहे आणि माझ्या पोटात राग आहे.

मला ओतशाळेत घडवले. घडवणाऱ्याने माझ्या दारावर थाप मारून म्हटले होते, "पोरांना सांभाळ गं." कितीतरी हिवाळे मी तेच केले. ओले मोजे माझ्या कठड्यावर वाळले, गारठलेली बोटे माझ्याजवळ बसून लिहिती झाली. मुले मला 'आजी' म्हणायची.

मग नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी वर्गावर्गात विजेचे हीटर बसवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, नवे यायचेच. पण माझ्या पोटात खडूचे तुकडे आणि फाटके कागद कोंबले जाऊ लागले, तेव्हा त्यांनी कुणालाच अडवले नाही. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तर ते म्हणाले, "या काळतोंडीवर रंगीत कागद चिकटवा, नाहीतर पाहुणे हसतील. आणि सोमवारी भंगारात द्या." मी ते शब्द गिळले, पण पचवले नाहीत.

प्रदर्शनाच्या सकाळी आभाळ फार खाली उतरले होते. वर्गाच्या बाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तक्ते टांगायचे, कुणाचे नाक पुसायचे, भाषणे पाठ करून घ्यायची. त्यातच पुठ्ठ्याचा ज्वालामुखी फाटला आणि तो बनवणाऱ्या चिमणीने भोकाड पसरले. एवढीशी म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. बाई डिंक लावत होत्या, पण लक्ष खिडकीकडे होते. बर्फ पडू लागला. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले.

"सर, मुलांना आत्ताच घरी सोडू या. रस्ता बंद झाला तर?"

"पाहुणे निघालेत, बाई. जरा भुरभुर झाली की शाळा बंद? एवढी भीती वाटते तर नोकरी कशाला करता?"

सगळ्या वर्गासमोर म्हणाले. बाईंचे कान लाल झाले. त्या पुन्हा डिंक लावू लागल्या.

दुपारी पाहुण्यांची गाडी अर्ध्या वाटेतून परतली. रस्ता बर्फाखाली गेला, वीज गेली, नळ गोठले. हीटर थंडगार पडले. चिमणीचे ओठ निळे दिसू लागले. बाईंनी माझ्या अंगावरचा कागद टराटरा फाडला आणि पोटातला कचरा उपसला. शिपाईमामांनी धुराडे मोकळे केले. मोडक्या बाकाच्या फळ्या आत पडल्या. नुसते धुमसत राहावे, असे मनात आले. पण सूड चुकीच्या माणसावर उगवायचा नसतो. मी पेटले.

सारी शाळा माझ्याभोवती दाटीवाटीने बसली. शेवटी मुख्याध्यापकही काखेत हात दाबून आले.

"जाळ वाढवा की!"

"सर, वाकून फुंकू नका. आत काजळी आहे."

"मला शिकवू नका, बाई."

त्यांनी वाकून जोरदार फुंकर मारली. मी ती व्याजासकट परत केली. राख, काजळी, सगळे त्यांच्या तोंडावर. मग चिमणी ओरडली, "बाई, ज्वालामुखी!"

तोंड धुवायला पाणी कुठे होते? संध्याकाळी पालक बर्फ तुडवत आले. चिमणीचे बाबा तिला कवटाळून म्हणाले, "दुपारीच का नाही सोडलं?"

सगळे बाईंकडे पाहू लागले. बाई म्हणाल्या, "सर सांगतील." आणि बाजूला झाल्या.

"बाई म्हणत होत्या... मी ऐकलं नाही," मुख्याध्यापक पुटपुटले.

"मागे ऐकू आलं नाही, सर. जरा मोठ्याने!" मागून एक पालक ओरडले.

त्यांना पुन्हा सांगावे लागले. मला दया आली का? मुळीच नाही. दुसऱ्यांदा ऐकताना तर अधिकच गोड लागले.

मला भंगारात धाडायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आता बाई दर आठवड्याला माझे धुराडे साफ करून घेतात.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. मायेने जपलेत तर उत्तमच. माया नसेल, तर धास्तीने जपा. आम्हाला तेही चालते.